वाघाच्या पंक्तीतले प्रवाळ

कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासूनच सुरू होते, त्यामुळे रोह्याशेजारच्या अष्टमीकराला मालवण तसे घरचेच. दिवाळीची सुट्टी लागली की अर्धी आळी मालवणसाठी कुडाळला उतरते. परतल्यावर प्रत्येकाच्या मोबाइलवर तोच फोटो: तोंडात नळी, डोळ्यांवर काच आणि हाताभोवती माशांची झुंबड. मासे काही पाहुण्यांच्या स्वागताला आलेले नसतात. मुठीत पावाचा नाहीतर बिस्किटाचा चुरा असतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे हे पाणी १३ एप्रिल १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला पद्मगड आणि आसपासच्या खडकांचा सव्वातीन चौरस किलोमीटरांहूनही कमी भाग गाभ्याचा. तिथले प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत बसतात. ताडोब्यात वाघाला बिस्किटे चारायची कुणाची छाती नाही. इथे मात्र होडीचा नांगर प्रवाळावर पडतो, फोटोसाठी त्याच प्रवाळावर पाय टेकतो. काही जाती वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. एका सेल्फीत किती वर्षे मोडली, याचा हिशेब कोण मागणार?

माणसे बेशिस्त आहेत म्हणावे, तर हीच मंडळी अंदमानात सेल्युलर जेल पाहून वंडूरला जातात. तिथले सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ चे. जॉली बॉय बेटाच्या बोटीत चढण्याआधी पिशव्या तपासल्या जातात, प्लॅस्टिक काठावरच ठेवावे लागते. आणि आपली माणसे ते निमूट ठेवतात! शिस्त अंगात नसली तरी दारात उभी केली की पाळली जाते.

मालवणात हे दार बांधायचे तर आधी मच्छीमारांना विचारावे लागेल. अभयारण्य आले की जाळे गेले, ही त्यांची धास्ती जुनी आहे आणि ती उगाच नाही. आज त्यांच्यातल्याच अनेकांचे पोट पर्यटकांच्या होड्यांवर चालते. तेव्हा गाभ्यात नांगराऐवजी होडी बांधायला कायमचे तरंगते बोये टाकावेत, दिवसाला किती माणसे पाण्यात उतरतील ते ठरवावे आणि पावती फाडायचे काम व त्यातला वाटा गावच्या मच्छीमार सोसायट्यांकडे द्यावा. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता गर्दी वाढणारच. तटाच्या डागडुजीसाठी निधी मागताना सरकारने तटाखालच्या बोयांचाही खर्च त्याच कागदावर लिहावा.