घरचें शिवणकाम : दुपट्यावरील बिनचूक वर्तुळ

आजीच्या जुन्या लुगड्याचें बाळासाठीं दुपटें शिवण्याची आपल्या घरांतील चाल मोठी गोड आहे. परंतु त्यावर यंत्रानें वर्तुळाकार नक्षी शिवूं गेल्यास टांका वांकडा पडतो, आणि उसवतांना विरलेलें लुगडें फाटतें. तें पुन्हां कोठून आणावें? यास्तव भगिनींनीं पुढील युक्ति करावी.

बॉबिन आधींच भरून घ्यावी. सुईच्या डावीकडे, तिच्या अगदीं समरेषेंत, ड्रॉइंग-पिन टोंक वर करून चिकटपट्टीनें यंत्रावर बसवावी. हें अंतर ३ इंच ठेविल्यास वर्तुळ ६ इंच व्यासाचें होतें. लुगड्याच्या वरच्या एकाच थराच्या पाठीशीं कागद लावून त्याचा मध्यबिंदु पिनेवर टोंचावा व टोंकावर बुचाचा तुकडा खोंवावा. मग यंत्र सावकाश चालवावें. खालचे दाते कापड सरळ ढकलतात आणि पिन मध्य धरून ठेविते. म्हणून कापड आपोआप गोल फिरतें. हातानें ओढूं नये. पिन समरेषेंतून ढळल्यास सुरकुत्या पडतात. म्हणून प्रथम चिंधीवर पाहावें.

शेवटीं कागद अलगद फाडावा, खालचे थर जोडावेत, आणि पिन आठवणीनें डबींत ठेवावी. त्या दुपट्यांत बाळ निजावयाचें आहे!