टायर आमचे, झीज मालकाच्या कामाची

"अजून एक हिवाळा काढतील की!" घासलेल्या टायरांकडे बघून आपण असंच म्हणतो ना? आखनला पाऊस बारा महिने. ओल्या ए 44 वर गाडी एकदा घसरली, की वाचवलेले पैसे कुणाच्या कामाचे?

जर्मन कायद्याला खाच किमान 1.6 मिलिमीटर लागते. कमी भरली तर चालवणाऱ्याला 60 युरो दंड आणि एक पॉइंट. अशी गाडी दुसऱ्याला दिलीत तर तुम्हाला 75 युरो, वर पॉइंट. पण 1.6 वर थांबू नका. एक युरोचं नाणं खाचेत उभं घाला. त्याची सोनेरी कड तीन मिलिमीटरची. ती दिसली तर उन्हाळी टायर बदला. हिवाळी चारलाच. पैसे कमी असतील तर एका अॅक्सलचे दोन घ्या, पण जोडीनं.

आता मुद्द्याचं. घर ते काम हा खर्च आपला, मान्य. पण मुकादम भर कामात म्हणतो, "तिघांना घेऊन त्या साइटवर जा," तेव्हा झिजतात ते टायर कुणाचे? नागरी कायद्याच्या कलम 670 च्या आधारे हा खर्च मालकाकडे मागता येतो. करखातं अशा प्रवासाला किलोमीटरमागे 30 सेंट धरतं. रोज 20 किलोमीटर म्हणजे 6 युरो, वीस दिवसांचे 120! हे आपण दर महिन्याला फुकट सोडतो, आणि वर टायरसाठी उसने मागतो.

तारीख, किलोमीटर, कुणी पाठवलं, सगळं लिहा. मागणी लेखी आणि लवकर द्या. करारात बऱ्याचदा तीन महिन्यांचीच मुदत असते. आम्ही चौघांनी मिळून कागद दिला. पैसे अजून आले नाहीत, पण साइटवर न्यायला कंपनीची व्हॅन येते.