टोर्नेडोचा इशारा वेळेत दिला होता, तरी जीव का गेले?

१६ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या मध्य भागाला टोर्नेडो, गारपीट आणि वादळी वाऱ्यांनी झोडपून काढलं. दुपारी मिसुरी राज्यातलं सेंट लुईस शहर, तर मध्यरात्रीच्या सुमारास केंटकी राज्यातला समरसेट आणि लंडन या गावांचा परिसर टोर्नेडोच्या तडाख्यात सापडला. एकट्या केंटकीत १९ जणांचा मृत्यू झाला.

पाठोपाठ सोशल मीडियावर एक दावा फिरू लागला. ट्रम्प सरकारने हवामान खात्यातली माणसं कमी केली, म्हणून लोकांना इशाराच मिळाला नाही. यात तथ्य किती?

एकाच ढगातून तीन संकटं कशी?

मेक्सिकोच्या आखाताकडून उष्ण, दमट हवा येते. तिच्या वर थंड, कोरडी हवा असली की खालची हवा वेगाने वर उसळते. उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत असेल, तर वर जाणारा हा झोत स्वतःभोवती फिरू लागतो. अशा ढगाला 'सुपरसेल' म्हणतात.

वर ढकलले गेलेले थेंब गोठून गारा होतात. थंड हवा जमिनीवर आदळून पसरली की वादळी वारा सुटतो. फिरता झोत आवळत जमिनीला टेकला, की टोर्नेडो.

टोर्नेडोची तीव्रता नुकसान पाहून ईएफ-० ते ईएफ-५ अशी ठरवतात. सेंट लुईसचा टोर्नेडो ईएफ-३ होता, तर केंटकीचा ईएफ-४. ईएफ-४ म्हणजे वाऱ्याचा वेग ताशी साधारण २६७ ते ३२२ किलोमीटर.

इशारा दिला होता का?

हो. राष्ट्रीय हवामान सेवेने त्या दिवसासाठी पाचपैकी चौथ्या पातळीचा धोका जाहीर केला होता. टोर्नेडो येण्यापूर्वी दोन्ही ठिकाणी 'वॉर्निंग'ही दिली होती. 'वॉच' म्हणजे टोर्नेडो होऊ शकतो, तयार राहा. 'वॉर्निंग' म्हणजे तो रडारवर किंवा प्रत्यक्ष दिसलाय, लगेच आसरा घ्या.

कर्मचारी कपात मात्र खरी आहे. पूर्व केंटकीचं काम पाहणाऱ्या जॅक्सन कार्यालयात रात्रपाळीला पुरेशी माणसं उरली नव्हती. त्या रात्री जादा कर्मचारी बोलावून काम भागवलं गेलं. म्हणजे या वेळी इशारा चुकला नाही. पण दर वादळी रात्री अशी जुळवाजुळव जमेल का, हा प्रश्न उरतोच.

मग साखळी कुठे तुटली?

सेंट लुईसमध्ये धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. ते वाजवणं शहराच्या आपत्कालीन विभागाचं काम होतं, पण त्याचे कर्मचारी त्या वेळी दुसऱ्या जागी एका कार्यशाळेला गेले होते. भोंगे वाजवा, असा नेमका निरोप अग्निशमन दलालाही मिळाला नाही. पुढे महापौर कारा स्पेन्सर यांनी विभागप्रमुखांना रजेवर पाठवलं आणि भोंग्यांची जबाबदारी अग्निशमन दलाकडे दिली.

केंटकीत वेळ आडवी आली. रात्री लोक झोपेत असतात, फोन सायलेंटवर असतो आणि अंधारात टोर्नेडो दिसतही नाही. त्यात घर हलकं असेल किंवा खाली तळघर नसेल, तर जाग येऊनही जायचं कुठे?

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात टोर्नेडोची भीती जवळपास नाही, पण वीज आणि गारपीट आहे. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' ॲप जवळ वीज पडण्याची शक्यता आधी कळवतं. पण ते पाहायला हातात स्मार्टफोन हवा आणि फोनला रेंज हवी. उघड्या शेतात काम करणाऱ्या मजुराला इशारा कळला, तरी जवळ पक्कं छप्पर हवं आणि काम टाकून तिथे जाण्याची मुभाही हवी. यातलं एक जरी नसलं, तरी वेळेत दिलेला इशारा वाया जातो.