भिंत रंगवणाऱ्याचं नाव

मी निपाणीची. आमचं घर तंबाखूवर चाललं. आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. संध्याकाळी दारात येऊन तिनं पदर झटकला की खकाण्यानं आम्हा भावंडांना शिंका यायच्या. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, तेव्हा वडील त्या ठिय्यात बसले होते. माझी वह्या-पुस्तकं त्याच पैशातून आली. म्हणून आज जे लिहिते आहे, ते लिहिताना जीव कचरतो.

पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमला काही वर्षं राहिले. तंबाखूचं गाव सोडून मी तंबाखूच्याच गावात आले होते! आर. जे. रेनॉल्ड्स ही सिगारेट कंपनी तिथलीच. शेजारचे आजोबा तिथल्याच नोकरीतून निवृत्त झालेले. १९९८ च्या सप्टेंबरात ते आम्हाला मार्टिन्सव्हिलला स्टॉक कार शर्यत दाखवायला घेऊन गेले. जेमतेम अर्ध्या मैलाचा ट्रॅक, त्यावर पाचशे फेऱ्या, जळक्या रबराचा वास. दुकानात मिळणाऱ्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्या एकमेकींना घासत पळत होत्या. मालिकेचं नाव ‘विन्स्टन कप’, रेनॉल्ड्सच्याच सिगारेटवरून पडलेलं. आजोबा अभिमानानं म्हणाले, “हा खेळ आमच्या कंपनीनं उभा केला.”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गावठी दारू पोलिसांना चुकवून पोचवणाऱ्या ड्रायव्हरांच्या मुलखात हा खेळ रुजला. ज्युनियर जॉन्सन त्यांच्यातलाच एक. तो रेनॉल्ड्सकडे गेला होता आपल्या संघापुरते पैसे मागायला. पण २ जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत टीव्ही-रेडिओवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली होती आणि जाहिरातींसाठी ठेवलेला पैसा कंपनीकडे पडून होता. कंपनीनं एका गाडीऐवजी अख्खी मालिकाच हाती घेतली. पुढच्याच वर्षी ४८ शर्यतींच्या ३१ झाल्या आणि स्पर्धेला नीट आकार आला. जुन्या ट्रॅकच्या भिंती लाल-पांढऱ्या रंगल्या. १९८५ मध्ये चारपैकी तीन मोठ्या शर्यती जिंकणाऱ्या बिल इलियटला दहा लाख डॉलर मिळाले. हे नातं २००३ पर्यंत, तब्बल ३३ हंगाम टिकलं.

या पैशानं खेळाचं भलं झालं, हे मी नाकारत नाही. पण त्या बदल्यात कंपनीला काय मिळालं? याच मालिकेतली १९७९ ची डेटोना ५०० शर्यत पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत देशभर थेट दाखवली गेली. पूर्वेकडे बर्फवृष्टी, माणसं घरात अडकलेली, सगळे टीव्हीसमोर. ज्या टीव्हीवरून सिगारेटची जाहिरात हद्दपार झाली होती, त्याच टीव्हीवर सिगारेटचं नाव आता स्पर्धेचं नाव म्हणून घरोघर जाऊ लागलं. त्याहून मोठी मिळकत म्हणजे माणसांची कृतज्ञता. जाहिरात कायद्यानं थांबवता येते. “यांनीच आम्हाला मोठं केलं” ही भावना कुठल्या कलमानं थांबवणार?

आपल्याकडेही हे घडलं आहे. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक ‘विल्स’ या सिगारेटच्या नावानं झाला. २००३ च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिराती आणि प्रायोजकत्व बंद झालं. पण आज क्रिकेटच्या सामन्यात सीमारेषेवर वेलचीच्या नावानं झळकणारे फलक बघा. नाव गुटख्याचंच, पुडीचा रंगही तोच, फक्त आत वेलची असल्याचा दावा. माझ्या सात वर्षांच्या नातवानं ती वेलची कधी चाखलेली नाही, पण पुडीचा रंग तो लांबूनही ओळखतो. म्हणून माझी मागणी सरळ आहे. पुडीत काय आहे हे बघत बसू नका. जे नाव तंबाखूच्या किंवा गुटख्याच्या पुडीवर आहे, ते मैदानात, जर्सीवर, गणेशोत्सवाच्या कमानीवर कशाच्याही आडून येता कामा नये.

“मग पैसा कोण देणार?” असं विचारलं जातं. २००४ मध्ये ‘विन्स्टन’च्या जागी ‘नेक्स्टेल’ ही फोन कंपनी आली आणि गाड्या पळतच राहिल्या. त्या खेळातला सर्वांत लाडका ड्रायव्हर रिचर्ड पेटी यानं आईच्या शब्दाखातर आपल्या गाडीवर बिअरची जाहिरात कधी घेतली नाही. तरी त्यानं दोनशे शर्यती जिंकल्या.

आणि कृतज्ञताच वाटायची असेल, तर ती योग्य दारी पोचू दे. मैदान रंगवणारा पैसा हा शेतकऱ्याला न मिळालेल्या भावातून आणि वखारीतल्या बायकांच्या तुटपुंज्या मजुरीतूनही उभा राहतो. माझ्या आईनं आयुष्यभर तंबाखू चाळली. तिच्या नावाची कमान कुठल्या मैदानाला कुणी उभारली नाही.