'शोध' नावाची विस्मृती : सार्दिनियाची कला आणि केंद्राची समीक्षा

कलासमीक्षेच्या व्यवहारात 'दुर्लक्षित' आणि 'शोध' हे शब्द बहुधा जोडीने येतात. त्यांपैकी पहिला समीक्षकाला दोषमुक्त करतो आणि दुसरा त्याला श्रेय देतो. एखाद्या प्रदेशातील कला 'दुर्लक्षित' होती असे म्हटले की, दुर्लक्ष नेमके कोणी केले हा प्रश्न त्या विशेषणामागे दडून जातो. तिचा 'शोध' लागला असे म्हटले की, तत्पूर्वी ती जणू कोणाच्याच दृष्टीस पडली नव्हती असे सूचित होते. भूमध्य समुद्रातील सार्दिनिया या इटालियन बेटाच्या आधुनिक व समकालीन कलेविषयी अलीकडे जे कौतुकपर लेखन होते, त्यातील बरेचसे या शब्दजोडीच्या आहारी गेलेले आहे. त्यामागील हेतू चांगला असेल; परंतु हेतूच्या चांगुलपणाने गृहीतकांची चिकित्सा टळत नाही.

या लेखनाचा आरंभबिंदू बहुधा २०१७ हे वर्ष असतो. त्या वर्षी व्हेनिसचे द्वैवार्षिक प्रदर्शन आणि अथेन्स व कासेल येथे भरलेले चौदावे 'डॉक्युमेंटा' या दोन्ही ठिकाणी मारिया लाई (१९१९–२०१३) यांच्या कलाकृती मांडल्या गेल्या. २०१९ मध्ये रोमच्या 'मॅक्सी' संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. एका डोंगराळ गावातील, दोऱ्याने काम करणाऱ्या या कलावतीचा मरणोत्तर शोध लागला, अशी कथा त्यातून रूढ झाली.

ही कथा वस्तुस्थितीला धरून नाही. मारिया लाई यांचे काम व्हेनिसने १९७८ मध्येच पाहिले होते. कवयित्री, कलावती आणि समीक्षक मिरेल्ला बेन्तिवोल्यो यांनी त्या वर्षीच्या द्वैवार्षिकात भाषेच्या दृश्य व भौतिक रूपावर स्त्री-कलावंतांचे जे प्रदर्शन योजले होते, त्यात लाई सहभागी होत्या. त्याहून मागे गेल्यास १९०७ साली नुओरोच्या फ्रांचेस्को चूझा यांनी हत्या झालेल्या मुलाच्या आईचे शिल्प त्याच व्हेनिसमध्ये मांडले होते व ते गाजले होते. नुओरोच्याच ग्रात्सिया देलेद्दा यांना १९२६ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे केंद्राने हे बेट एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आणि दर वेळी ते विसरले. ज्याला शोध म्हटले जाते ती वस्तुतः विस्मृतीची पुनरावृत्ती आहे.

बेटावर मात्र ही विस्मृती नव्हती. ओरानी गावच्या गवंड्याचा मुलगा कोस्तान्तिनो नीवोला (१९११–१९८८) फॅसिस्ट राजवटीमुळे देश सोडून न्यूयॉर्कला गेला. तेथे त्याने ओल्या वाळूच्या साच्यात उठावशिल्पे ओतण्याचे तंत्र विकसित केले आणि १९५४ साली ऑलिव्हेत्ती कंपनीच्या न्यूयॉर्कमधील दालनाची भिंत घडवली. परंतु १९५८ मध्ये ओरानीतील चर्चची दर्शनी भिंतही त्याने चितारली. सान स्पेराते येथे पिनुच्चो शोला यांनी १९६८ पासून गावाच्या भिंतींनाच कलेचे माध्यम केले. ओर्गोसोलोच्या पशुपालकांनी १९६९ मध्ये प्रातोबेल्लोच्या कुरणावर लष्करी सरावाला विरोध केला. त्या गावाच्या भिंती पुढे राजकीय चित्रांनी भरून गेल्या. नीवोला संग्रहालय १९९५ मध्ये, नुओरोचे 'मान' संग्रहालय १९९९ मध्ये आणि लाई यांच्या उलासाई गावातील जुन्या रेल्वेस्थानकातले कलाकेंद्र २००६ मध्ये उभे राहिले. जुल्याना आल्तेआ आणि मार्को मान्यानी यांच्यासारख्या अभ्यासकांनी बेटाच्या कलेचा इतिहास लिहिला आणि नुओरोच्या इलिस्सो प्रकाशनाने तो छापला. कलावंत, संस्था, इतिहासकार आणि प्रकाशक हे सर्व जेथे आहेत, तेथे कमतरता कलेची किंवा समीक्षेची नसते. ती असलीच, तर परक्या वाचकाच्या जिज्ञासेची असते.

अधिक गंभीर मुद्दा कोणत्या अटींवर स्वीकार होतो हा आहे. लाई यांचे काम आज प्रामुख्याने 'वस्त्रकला' या सदरात घातले जाते. त्यामागे बेटावरच्या स्त्रियांची विणकामाची परंपरा उभी केली जाते आणि विश्लेषण तेथेच संपते. साहित्याच्या अभ्यासकाला हे खटकले पाहिजे. लाई यांची 'शिवलेली पुस्तके' ही लेखनाविषयीची कृती आहे. त्यांत पाने आहेत, ओळी आहेत, समास आहेत. अक्षरांच्या जागी मात्र टाके आहेत. ओळीच्या शेवटी दोरा न कापता लोंबता सोडलेला असतो. वाचक ओळीमागून ओळ वाचण्याची क्रिया करतो, पण अर्थ हाती लागत नाही. ज्या बेटाच्या सार्द भाषेला इटलीच्या कायद्याने अल्पसंख्य भाषा म्हणून १९९९ मध्ये मान्यता दिली, तेथील कलावतीने सर्वांनाच सारखे अवाच्य असलेले पुस्तक करावे, यात भाषा आणि सत्ता यांच्या संबंधाचा एक प्रगल्भ विचार आहे. १९७८ च्या प्रदर्शनाने ही कृती भाषेच्या संदर्भात ठेवली होती. चाळीस वर्षांनंतरच्या 'शोधा'ने तिला शिवणटोपलीत परत नेऊन ठेवले. याला प्रगती म्हणता येणार नाही.

त्यांच्या १९८१ मधील 'डोंगराशी स्वतःला बांधून घेणे' या कृतीबाबत हा विपर्यास अधिक स्पष्ट दिसतो. उलासाईच्या पंचायतीला युद्धात मरण पावलेल्यांचे स्मारक हवे होते. लाई यांनी जिवंतांसाठी काही करू असे सुचवले. निळ्या फितीमागे धावत गुहेबाहेर आल्यामुळे दरडीतून वाचलेल्या मुलीची गावात कथा होती. तिच्या आधारे ८ सप्टेंबर १९८१ रोजी सुमारे २७ किलोमीटर लांबीची निळी फीत घरोघर बांधत नेऊन अखेर डोंगराला जोडण्यात आली. पण त्याआधी दीर्घ वाटाघाटी झाल्या, कारण गावात जुनी वैरे होती आणि वैऱ्याच्या घराशी बांधले जाण्यास लोक तयार नव्हते. तोडगा असा निघाला : जेथे सलोखा नाही तेथे फीत गाठ न मारता सरळ जाईल, जेथे मैत्री आहे तेथे गाठ पडेल आणि जेथे प्रेम आहे तेथे सणाची पोळी बांधली जाईल. गावाने आपल्या परस्परसंबंधांचा नकाशा स्वतः काढला आणि वैर लपवले नाही. प्रदर्शनांच्या भिंतींवर मात्र छायाचित्रे आणि एक नाव एवढेच पोहोचते. सहलेखक असलेले गाव पार्श्वभूमी बनते आणि वाटाघाटी, म्हणजे कृतीचा गाभा, तळटीपेतही उरत नाहीत.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही भूमिका देशीवादाकडे झुकते. परंतु लाई रोम व व्हेनिस येथे शिकल्या. आर्तुरो मार्तिनी हे त्यांचे शिक्षक. उलासाईची फीत हातमागाची नव्हती, जीन्सच्या कापडाची होती. बेटाला निखळ परंपरेचे आगर ठरवणारा देशीवादी आणि त्याला नव्याने 'शोधणारा' महानगरी समीक्षक हे दोघेही बेटाची आधुनिकता सारख्याच रीतीने नाकारतात. दुसरा आक्षेप असा की, बाहेरची मान्यता नसती तर या कलेला व्यापक प्रेक्षक मिळाला नसता. हे खरे आहे, पण विरोध मान्यतेला नाही. तिच्यासोबत येणाऱ्या खोट्या वर्णनाला आहे.

हा प्रश्न मराठी समीक्षेशीही निगडित आहे. धुरीणत्व आणि निम्नवर्गीय या ज्या संकल्पना येथे सर्रास वापरल्या जातात, त्यांचा प्रवर्तक अंतोनिओ ग्राम्शी १८९१ साली याच बेटावरील आलेस येथे जन्मला. १९२६ मध्ये, अटकेपूर्वी, तो दक्षिणेच्या प्रश्नावर लिहीत होता : उत्तरेच्या विचारवंतांनी दक्षिणेचे मागासलेपण तेथील माणसांच्या स्वभावात कसे शोधले, हा त्यातला एक विषय. लोकविद्येकडे कौतुकाची चीज म्हणून न पाहता एक जीवनदृष्टी म्हणून गंभीरपणे पाहावे, असे त्याने पुढे तुरुंगातील टिपणांत मांडले. ज्या समीक्षेने ग्राम्शीची परिभाषा उचलली, तिनेच त्याच्या बेटाकडे पाहताना 'विस्मयकारक शोध' ही भाषा वापरावी, हा केवळ विरोधाभास नाही. संकल्पना आत्मसात न करता फक्त शब्द घेतल्याचे ते लक्षण आहे.

'दुर्लक्षित' हा शब्द वापरायचाच असेल, तर दुर्लक्ष कोणी, केव्हा आणि कशामुळे केले हे त्याच वाक्यात नोंदवण्याची शिस्त समीक्षेने स्वतःला लावून घेतली पाहिजे. तसे केल्यास बहुतेक 'शोध' केंद्राच्या अज्ञानाची कबुली ठरतील. उलासाईच्या लोकांनी जेथे सलोखा नव्हता तेथे खोटी गाठ मारली नाही. समीक्षेकडून किमान तेवढ्या प्रामाणिकपणाची अपेक्षा आहे.