एका गुणाचे अंतर

खेळाच्या नोंदवह्या फार कमी बोलतात. जिंकला, हरला, बरोबरी झाली: एवढ्यात त्यांचा सारा कारभार आटोपतो, आणि बहुतेक वेळा तेवढे पुरतेही. परंतु दोन मल्ल किंवा दोन मुष्टियोद्धे तुल्यबळ ठरले आणि निकाल पंचांच्या नजरेवर येऊन ठेपला की ही नोंद खरी असूनही अपुरी राहते. अशा निकालांतील मतभेद हा नोंदीचाच भाग मानला जावा, असे आमचे म्हणणे आहे. तो पुसला गेला की हरणाऱ्यावर अन्याय होतो हे आपण जाणतो. जिंकणाऱ्यावरही होतो, हे मात्र सहसा ध्यानात घेत नाही.

महाराष्ट्राला याचे पहिले मोठे उदाहरण खाशाबा जाधवांनी दिले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील त्यांचे कांस्यपदक आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल हेलसिंकीला पोहोचलाच नसता, हे तितकेसे कुणी सांगत नाही. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्ध आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, असा खाशाबांचा आरोप होता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि त्यांनी निरंजन दास यांना चितपट केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक अशा रीतीने एका गुणावर लोंबकळत होते. दाद मागायला कुणी भेटले नसते, तर मद्रासच्या त्या नोंदीत काही चूक आहे असे आज कुणाच्या मनातही आले नसते.

यावर जुन्या पठडीतले कुस्तीशौकीन म्हणतील, म्हणूनच आम्ही निकाली कुस्तीला मानतो. पाठ लागली की वाद मिटला. आम्हांलाही हे मत एके काळी बिनतोड वाटे. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात जे घडले, ते त्याला धक्का देणारे आहे. पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे पडले. वाद विकोपाला गेला, राक्षेने पंचांना लाथ मारली. त्यानंतर मोहोळविरुद्धच्या अंतिम लढतीतून महेंद्र गायकवाडही पंचांशी हुज्जत घालून निघून गेला. राक्षे आणि गायकवाड दोघांवरही तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात किंवा पाय उचलणे अक्षम्य आहे, यात आम्हांला तिळमात्र शंका नाही. परंतु मोहोळचा विचार करा. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने मिळवलेली गदा त्याच्या खांद्यावर आली, आणि तिच्याबरोबर एक ‘पण’ कायमचा चिकटून आला.

कुस्तीत निदान खांदा टेकला की नाही, असा एक प्रश्न तरी विचारता येतो. बॉक्सिंगमध्ये प्रतिस्पर्धी आडवा झाला नाही, तर तोही आधार उरत नाही. प्रत्येक फेरीत वरचढ ठरलेल्याला दहा आणि दुसऱ्याला साधारणतः नऊ गुण देण्याची पद्धत आहे. फेरी एकतर्फी असो वा केसभर फरकाची, कागदावर फरक तोच. शिवाय वरचढ म्हणजे काय? जास्त ठोसे मारणारा, कमी पण जड ठोसे मारणारा, की पुढे पुढे सरसावणारा? हे पंचाने एका मिनिटाच्या विश्रांतीत ठरवायचे असते. एकाच कवितेवर तीन समीक्षकांचे एकमत होत नाही म्हणून कुणी त्यांना लबाड म्हणत नाही. रिंगणाकाठी बसलेले तीन पंच हेही एका अर्थी वाचकच असतात. फरक इतकाच, की त्यांच्या वाचनावर दुसऱ्याचे आयुष्य ठरते.

मुंबईने हे जवळून पाहिले आहे. ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीला विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला दहा फेऱ्यांच्या लढतीत हरवले. पंचांचे आकडे होते ९६-९३, ९५-९४ आणि ९५-९४. नोंदीत हा निकाल ‘एकमताने’ असा आहे. पण दोन पंचांनी एकेकच फेरी उलट दिली असती, तर त्या दोन्ही कागदांवर झुल्पिकार पुढे असता आणि लढत त्याची झाली असती. निकाल चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. ‘एकमताने’ या भारदस्त शब्दाआड किती थोडे अंतर लपलेले असते, एवढेच दाखवायचे आहे.

अन्यायाची आपली स्मृतीही निवडक असते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विकास कृष्णला अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सविरुद्ध १३-११ असा विजयी घोषित केले गेले, आणि काही तासांत अमेरिकेच्या तक्रारीवरून निकाल फिरवून १५-१३ असा स्पेन्सच्या बाजूने दिला गेला. आपल्याकडे त्या वेळी संतापाची लाट उसळली. विकासने वारंवार धरून ठेवण्याचे नियमभंग केले, दातांवरचे संरक्षक कवच मुद्दाम थुंकले आणि पंचाने त्याबद्दल गुण कापले नाहीत, हे फेरतपासणीचे कारण फारच थोड्यांनी वाचले. आपल्या खेळाडूचा पराभव म्हणजे कारस्थान आणि विजय म्हणजे गुणवत्ता, हा हिशेब सोयीचा असला तरी प्रामाणिक नाही.

आणि जिंकणाऱ्याचे काय होते? १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सने अंतिम लढतीत दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुनला अक्षरशः झोडपले. नंतरच्या मोजणीत जोन्सचे ८६ ठोसे लागले होते, पार्कचे ३२. पंचांनी ३-२ असा निकाल पार्कच्या बाजूने दिला. पुढे जोन्स चार वजनगटांत विश्वविजेता झाला. हुकलेल्या सुवर्णपदकाने त्याची कीर्ती उलट वाढवली. पार्कचे नाव मात्र चोरीच्या पदकाशी जोडले गेले. निकाल त्याने दिलेला नव्हता, तरी त्याचे ओझे त्यानेच वाहिले. २०२३ मध्ये तो फ्लोरिडाला जोन्सच्या घरी गेला आणि आपले पदक त्याच्या हाती ठेवून आला. अधिकृत नोंद आजही बदललेली नाही. नोंदवही जे करू शकली नाही, ते पस्तीस वर्षांनी एका माणसाने केले.

सोलच्या नाचक्कीनंतर यंत्राने गुण मोजण्याची पद्धत आली. बटण एका सेकंदाच्या आत तीन पंचांनी दाबले तरच ठोसा मान्य. तीही २०१३ मध्ये मोडीत निघाली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुन्हा संशय, आणि २०२१ मध्ये मॅक्लारेन यांच्या चौकशी अहवालात निकाल फिरवण्याची व्यवस्थाच अस्तित्वात असल्याचे उघड झाले. यंत्र बदलले, नियम बदलले. मनुष्याची नजर आणि मनुष्याचा लोभ मात्र तेच राहिले.

हा विषय ऑलिंपिकपुरता नाही. आमच्या उपनगरांचेच पाहा. जोगेश्वरीत वाढलेला आणि कांदिवलीच्या साई केंद्रात तयार झालेला नरसिंग यादव २०११ पासून सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि राज्य पोलीस दलात उपअधीक्षकाच्या पदावर पोहोचला. आपल्याकडे पदकाचा अर्थ असा रोकडा असतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. शालान्त परीक्षेत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या चाळीतून आलेल्या मुलाने एका पंचाच्या मतावर लढत गमावली, तर त्याच्या हातून नुसता चषक जात नाही, प्रमाणपत्रही जाते. त्याच्यासाठी दाद मागायला पतियाळाचे महाराज नसतात, आणि त्याची लढत पस्तीस वर्षांनी कुणी पुन्हा मोजणार नसते.

म्हणून आमची मागणी माफक आहे. जिल्हा पातळीपासून प्रत्येक लढतीची पंचवार आणि फेरीवार गुणपत्रिका जाहीर व्हावी आणि जपली जावी. प्रमाणपत्रावर ‘विजयी’ किंवा ‘पराभूत’ या शब्दापुढे ३-२ हा आकडाही असावा. चित्रीकरण शक्य असेल तेथे ते व्हावे, आणि आक्षेप नोंदवण्याची मुदत व वाट खेळाडूला आधीच ठाऊक असावी. निकाल फिरवत बसा, असे आम्ही म्हणत नाही. खेळ कुठे तरी संपला पाहिजेच. परंतु हरलेल्या मुलाच्या हातात दोन पंचांनी आपल्याला जिंकलेले मानले होते याचा पुरावा असेल, तर तो उद्या पुन्हा तालमीत येण्याची शक्यता वाढते. आणि जिंकलेल्याच्या हातात तोच कागद असेल, तर आपला विजय किती थोडक्यात हाती आला हे त्याला कुजबुजीतून कळण्याची वेळ येणार नाही.