शेतात 'पडला' नाही, उतरला!

मंडळी, आपल्या गोरखीच्या आठवणींत एक किस्सा फिरून फिरून येतो. आपल्यातला कुणी पुण्याला शिकायला गेला, हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर उडायला लागला आणि एक दिवस 'शेतात पडला'. खाली सगळे हसतात. मला हे हसणं मुळीच पटत नाही.

मीही हडपसरलाच शिकलो, म्हणून बोलतो. ग्लायडरला इंजिन नसतं. विंच दोरानं वर खेचते, दोर सुटला की सगळी भिस्त वर चढणाऱ्या हवेवर. हे आपल्याला नवीन नाही, किल्ल्याच्या कड्यावर पंख न हलवता तरंगणाऱ्या घारी बाड्यावरून बघतच वाढलो आपण. पण ऊन कललं की थर्मल विरतात. हजार मीटरवरून साधं ट्रेनिंगचं ग्लायडर शांत हवेत वीस-पंचवीस किलोमीटर जाईल. समोरून वारा असेल तर पुष्कळ कमी.

अशा वेळी 'मिळेल अजून एक थर्मल' म्हणत धावपट्टीकडे रेटणारा शूर, आणि वेळीच खालची शेतं न्याहाळणारा भित्रा? उलट आहे साहेब! साधारण सहाशे मीटरला परिसर ठरवायचा, साडेचारशेला एक शेत पक्कं, तीनशेला उतरायचा फेरा सुरू. त्याखाली निवड उरत नाही. आणि शेत म्हणजे कुठलंही नव्हे. उभा ऊस नको, मधे बांध नको, गुरं नकोत. वाऱ्याला तोंड करून, चढ असेल तर चढावर उतरायचं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब हुडकावे लागतात. एवढं सगळं काही मिनिटांत, एकट्यानं ठरवणारा म्हणे पडला!

सिल्व्हर बॅजसाठी 50 किलोमीटर उडावं लागतं. तेवढं अंतर तोडून परक्या शेतात उतरलात तरी ते धरतात, हा जगभरचा नियम. 1929 साली रॉबर्ट क्रॉनफेल्डनं ग्लायडरनं पहिल्यांदा शंभर किलोमीटर पार केले, तोही काही निघाल्या जागी परतला नव्हता.

मान्य, ट्रेलर न्यावा लागतो, पंख सोडवावे लागतात, दिवस जातो. पीक तुडवलं गेलं तर शेतकऱ्याला भरपाई द्यायलाच हवी, तिथे मी ग्लायडरवाल्याची बाजू घेणार नाही. पण तुमच्या थट्टेचा परिणाम बघा. 'पोरगा पडला' हे घरी आजीच्या कानावर गेलं की उडणं बंद; माझ्या माहितीतल्या दोन घरांत हेच झालं. आणि ज्याचं बंद होत नाही, तो पुढच्या वेळी हसू होऊ नये म्हणून शेत सोडून धावपट्टीपर्यंत ताणतो. माणसं जातात ती तिथे.

त्यात मगरपट्ट्याच्या शेतांवर आता इमारती उभ्या आहेत. हडपसरला चुकून कमी उंचीवर सापडलात तर उतरायचं कुठे? तेव्हा किस्सा जरूर लिहा, पण त्यानं किती उंचीवर ठरवलं आणि शेत कसं निवडलं तेही लिहा. कुणाकडे ट्रेलरवर पंख चढवतानाचा फोटो असेल तर तोही टाका.